आग कोठे दडते?

चाकण गावात एक जुना भुईकोट किल्ला आहे. त्याचे नाव संग्रामदुर्ग. आज त्याची थोडी तटबंदी उरली आहे आणि चारही बाजूंनी गाव वाढले आहे. १६६० साली शाहिस्तेखानाच्या सैन्याने या किल्ल्याला वेढा घातला. आत फिरंगोजी नरसाळा हे किल्लेदार होते. जवळजवळ दोन महिने किल्ला पडला नाही. शेवटी मोगलांनी जमिनीखालून एक भुयार खणले, ते एका बुरुजाच्या तळापर्यंत नेले, त्यात दारू ठासून भरली आणि बत्ती दिली. बुरूज उडाला. इतके दिवस तोफांना न हटलेला किल्ला एका ठिणगीने उघडा पडला.

येथे 'दारू' म्हणजे पिण्याची दारू नव्हे, बरे का! तुम्ही उर्दूत जिला 'बारूद' म्हणता, तिलाच मराठीत बंदुकीची दारू म्हणतात. ती शोरा, गंधक आणि कोळसा यांपासून बनते. 'शोरा' हा शब्द तर तुमच्या आणि आमच्या भाषेत एकच आहे. दारू भरणाऱ्या सैनिकाला आपण काय हाताळत आहोत हे पक्के ठाऊक होते. म्हणून तो दिवा दूर ठेवत असे, लोखंडावर लोखंड आपटू देत नसे. बत्ती लावायची ती स्वतः ठरवलेल्या क्षणी.

आता त्याच चाकणच्या आसपास पाहा. पुणे-नाशिक महामार्गाच्या दोन्ही बाजूंना कारखानेच कारखाने आहेत. मोटारी, मोटारसायकली आणि त्यांचे हजारो सुटे भाग येथे तयार होतात. मोठ्या कारखान्यांमागे लहान शेड आहेत, शेडमागे गॅरेज आहेत, गॅरेजमागे भंगाराची दुकाने आहेत. तुमचे अब्बा, चाचा किंवा मोठे भाऊ कदाचित अशाच एखाद्या ठिकाणी कामाला जात असतील. दहावीनंतर तुमच्यापैकी काही जण आयटीआयमध्ये वेल्डर किंवा फिटर होण्यासाठी जातील. या साऱ्या जागांत बारुदीसारखे पेट घेणारे पदार्थ ठेवलेले असतात. फरक इतकाच की त्यांवर 'बारूद' असे लिहिलेले नसते. ते पाण्यासारखे दिसतात, पिठासारखे दिसतात, कधी कधी तर दिसतच नाहीत.

सहज पेट घेणाऱ्या पदार्थाला मराठीत 'ज्वलनशील' म्हणतात. उर्दूत 'आतिशगीर'. टँकरच्या मागे इंग्रजीत 'हायली इन्फ्लेमेबल' असे रंगवलेले असते. काही मुलांना वाटते की 'इन' लागले म्हणजे उलट अर्थ झाला, म्हणजे न पेटणारे. तसे नाही. 'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' या दोन्हींचा अर्थ एकच, चटकन पेटणारे. या एका शब्दाने पुष्कळांना फसवले आहे.

आग लागायला तीन गोष्टी लागतात. जळणारा पदार्थ, हवेतला प्राणवायू आणि उष्णता. हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेच आहे. हवा तर सगळीकडे असतेच. म्हणून कामाच्या जागी उरतात दोनच प्रश्न: येथे जळण्यासारखे काय आहे, आणि त्याला पेटवील असे काय आहे? प्रश्न सोपे आहेत. उत्तरे शोधायला मात्र नजर लागते. चला, एका लहानशा वर्कशॉपमध्ये आपण मनाने फेरफटका मारू.

दारातून आत गेल्यावर उजव्या हाताला रंगकामाची खोली आहे. तेथे एका डब्यात थिनर आहे. रंग पातळ करायला आणि फवारणीची पिचकारी धुवायला तो वापरतात. पाहायला अगदी पाणी. पण झाकण उघडताच उग्र वास येतो. वास आला म्हणजे काय झाले? द्रवाची वाफ होऊन ती तुमच्या नाकापर्यंत पोहोचली. आणि येथेच एक महत्त्वाची गोष्ट आहे. पेट्रोल किंवा थिनर जळतो असे आपण म्हणतो, पण खरे पाहता द्रव जळत नाही. त्याच्या पृष्ठभागावरची वाफ हवेत मिसळते आणि ती जळते.

कोणत्या द्रवाची पेटण्याजोगी वाफ किती तापमानाला तयार होते, यावरून त्याचा धोका ठरतो. त्या तापमानाला 'फ्लॅश पॉइंट' म्हणतात. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली सुमारे चाळीस अंश सेल्सिअस आहे. म्हणजे काश्मीरच्या बर्फातही पेट्रोल पेटायला तयारच असते. थिनरमध्ये पुष्कळदा टोल्यूइन असते. त्याचा फ्लॅश पॉइंट सुमारे चार अंश. मग आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत, पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये काय होत असेल याची कल्पना करा. आपल्या देशाच्या पेट्रोलियम नियमांत २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेल्या द्रवांना 'अ' वर्गात, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गात ठेवले आहे. डिझेल आणि रॉकेल त्यांच्या मानाने शांत. पण तापलेल्या यंत्रावर सांडले किंवा बारीक फवारा होऊन उडाले, तर तेही शांत राहत नाहीत.

ही वाफ जाते कोठे? धूर वर जातो, म्हणून वाफही वर जात असेल असे आपल्याला वाटते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती जमिनीवर उतरते आणि पाण्यासारखी उताराकडे सरकते. गॅरेजमध्ये गाडीखाली शिरण्यासाठी खड्डा असतो ना, त्यात ती साचते. गटारात उतरते. दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जाते. तेथे कोणी चहाची शेगडी पेटवलेली असली, तर आग तिकडे लागते आणि वाफेच्या मागावरून धावत परत डब्याकडे येते. म्हणून 'शेगडी लांब होती' या म्हणण्याला फारसा अर्थ नाही. ती कोणत्या उतारावर होती, हे विचारायला हवे.

खोलीच्या कोपऱ्यात चिंध्यांचा ढीग दिसतो. हात पुसलेल्या, रंग पुसलेल्या. यात काय धोका? जवसाच्या तेलाने, म्हणजे अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या ढिगात पडून राहिल्या, की तेलाचा हवेशी संयोग होऊन त्या आतून तापत जातात. मोकळ्या दोरीवर वाळत घातल्या तर उष्णता निघून जाते. ढिगात ती कोंडते, आणि कोणीही काडी न लावता ढीग पेटू शकतो. लाकडाला पॉलिश करणाऱ्या जुन्या कारागिरांना हे माहीत असते. अशा चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकायच्या आणि रोज संध्याकाळी बाहेर न्यायच्या, अशी चांगल्या कारखान्यांत पद्धत आहे.

आता डाव्या बाजूला चला. तेथे रिकामे ड्रम रचले आहेत. एक मुलगा गॅस कटर घेऊन त्यातला एक ड्रम कापायला निघाला आहे. पाण्याची टाकी करायची आहे. तुम्ही त्याला विचारता, "भाईजान, यात काय होते?" तो हसून म्हणतो, "काही नाही, रिकामा आहे."

थांबा. त्याला थांबवा! भरलेल्या ड्रमपेक्षा असा रिकामा ड्रम अधिक धोक्याचा असतो. भरलेल्या ड्रममध्ये द्रव असतो, हवेला जागा थोडी असते. रिकाम्या ड्रमच्या तळाला चमचाभर थिनर राहिला तरी त्याची वाफ होते, आतल्या हवेत मिसळते, आणि सारा ड्रम म्हणजे एक बंद बॉम्ब बनतो. कटरची ज्योत पत्र्याला लागली की झाकण, पत्रा आणि माणूस, काहीच जागेवर राहत नाही. १९४८ सालच्या कारखाने कायद्याच्या ३७व्या कलमात याविषयी मोठा नेमका शब्दप्रयोग होता. ज्यात ज्वलनशील पदार्थ आहे 'किंवा पूर्वी होता' असे भांडे, तो पदार्थ आणि त्याची वाफ पूर्ण काढून टाकल्याशिवाय किंवा निर्धोक केल्याशिवाय, वेल्डिंग करू नये अथवा कापू नये, असा त्याचा आशय. 'पूर्वी होता' हे दोन शब्द मला फार आवडतात. कायदा लिहिणाऱ्यांनी रिकामा ड्रम पाहिलेला असावा.

चिखलीजवळच्या कुदळवाडीत पुष्कळ वर्षे भंगाराची मोठमोठी गोदामे होती. रसायनांचे ड्रम, प्लॅस्टिक, पुठ्ठा, रबर असे सारे तेथे एकत्र येई, आणि तेथे आग लागल्याच्या बातम्या अधूनमधून वर्तमानपत्रांत येत. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तेथील बांधकामे पाडली. पण भंगाराचे काम थांबलेले नाही. ड्रम कोठेतरी येतातच आणि कोणीतरी ते कापतोच. म्हणून "यात पूर्वी काय होते?" हा प्रश्न भंगाराच्या धंद्यातल्या प्रत्येक मुलाच्या तोंडी असायला हवा.

वर्कशॉपच्या मागच्या भागात अॅल्युमिनियमचे भाग घासून चकचकीत केले जातात. तेथे जमिनीवर, तुळयांवर, पंख्याच्या पात्यांवर राखाडी धूळ बसली आहे. अॅल्युमिनियम पेटते का? तुमच्या घरचे पातेले चुलीवर पेटत नाही. पण तोच धातू पिठासारखा बारीक होऊन हवेत उडाला, की प्रत्येक कणाला चारी बाजूंनी हवा मिळते आणि तो क्षणात जळतो. पिठाच्या गिरणीतले पीठ, साखरेची भुकटी, लाकडाचा भुसा यांचेही असेच आहे. २ ऑगस्ट २०१४ रोजी चीनमधील कुनशान शहरात मोटारीची चाके चकचकीत करणाऱ्या एका कारखान्यात अॅल्युमिनियमच्या धुळीचा स्फोट झाला. शंभराहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. तेथे कोणी विडी ओढत नव्हते. धूळ गोळा करणाऱ्या यंत्राच्या पिंपात ओल शिरली होती, ओल्या धुळीत रासायनिक क्रिया होऊन ती आतल्या आत तापली. त्यांनी बनवलेली चाके आणि आपल्याकडे बनणारी चाके सारखीच. धूळही सारखीच.

येथवर आपण जळणारे पदार्थ पाहिले. आता पेटवणाऱ्या गोष्टी पाहू. जी आग आगीसारखी दिसते ती ओळखायला कोणी शिकवावे लागत नाही: विडी, काडेपेटी, शेगडी, देवाच्या तसबिरीपुढची उदबत्ती, लोबानची धूपदाणी. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, तेव्हा यंत्राजवळ निरांजन असते. त्या दिवशी रंगाचे डबे आधी बाहेर काढलेले बरे.

वेल्डिंगच्या ठिणग्या मात्र फसव्या असतात. उर्दूत आपण 'चिंगारी' म्हणतो, मराठीत 'ठिणगी'. वेल्डिंगची ठिणगी म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा थेंब. तो जमिनीवर पडून उसळतो आणि घरंगळत जातो. वेल्डिंगच्या जागेपासून सुमारे अकरा मीटरपर्यंतच्या जळाऊ वस्तू हलवाव्यात किंवा झाकाव्यात, असा जगभर पाळला जाणारा नियम आहे. अकरा मीटर म्हणजे तुमच्या वर्गाच्या लांबीहूनही जास्त. शिवाय ठिणगी फटीत शिरून कापसात किंवा पुठ्ठ्यात तासभर धुमसत राहते आणि कामगार घरी गेल्यावर पेटते. म्हणून काम संपल्यावरही एक माणूस पाण्याची बादली आणि अग्निशामक नळकांडे घेऊन तेथे थांबवतात. कंटाळवाणे काम आहे, पण ते करणाऱ्याने किती शेड वाचवल्या असतील कोण जाणे!

काही ठिणग्या तर विजेच्या बटणात असतात. दिव्याचे साधे बटण दाबले की आत बारीकशी ठिणगी उडते. एरवी तिचे काही बिघडत नाही. वाफ भरलेल्या खोलीत ती पुरेशी होते. म्हणून रंगाच्या खोलीत 'फ्लेमप्रूफ' बटणे आणि दिवे बसवतात. आतली ठिणगी बाहेर जाऊ नये असे त्यांचे जाड कवच असते. ते नादुरुस्त झाले म्हणून कोणी बाजारातले साधे बटण आणून लावले, तर सारी योजना फुकट गेली. सैल जोडलेली वायर, तेल न मिळालेले आणि लालबुंद तापलेले बेअरिंग, घसरणारा पट्टा, एकाच सॉकेटवर लादलेली चार यंत्रे, हेही सारे त्याच कुटुंबातले.

आणि एक ठिणगी आपण स्वतः अंगावर वागवतो. हिवाळ्यात लोकरी स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, अंधारात निळसर चमक दिसते. ती स्थिर वीज. पेट्रोल किंवा थिनर एका भांड्यातून दुसऱ्यात वेगाने ओतताना तशीच वीज साठते. म्हणून मोठ्या ड्रममधून लहान डब्यात थिनर काढताना दोन्ही लोखंडी भांडी तारेने एकमेकांना जोडतात आणि ती तार जमिनीला जोडतात. तार कशाला, असे नव्या मुलाला वाटते. तो ती काढून ठेवतो. उस्तादाने त्याला तारेचे कारण सांगितलेलेच नसते.

हे कारण न सांगणे किती महाग पडते, ते आपल्याच भागात दिसले. चाकणपासून थोड्या अंतरावर, पिंपरी-चिंचवड शहरात तळवडे आहे. तेथील एका शेडमध्ये वाढदिवसाच्या केकवर लावायच्या चमचमणाऱ्या मेणबत्त्या तयार होत. तुम्ही त्या पाहिल्या असतील. पेटवल्या की फुलबाजीसारखी कारंजी उडतात, मुले टाळ्या वाजवतात. अशा मेणबत्तीत साधे मेण नसते, फटाक्यांच्या जातीची दारू असते. ८ डिसेंबर २०२३ रोजी दुपारी त्या शेडला आग लागली. सहा महिला तेथेच गेल्या. भाजलेल्या इतर काही जणी पुढे रुग्णालयात दगावल्या. घरखर्चाला हातभार लावण्यासाठी कामाला येणाऱ्या त्या बाया होत्या.

या दारूचा एक गुण लक्षात घ्या. आपल्या त्रिकोणातला प्राणवायू ती बाहेरून मागत नाही. जसा बंदुकीच्या दारूत शोरा असतो, तसा या मिश्रणातही तापल्यावर प्राणवायू सोडणारा पदार्थ असतो. भुयारात हवा नसतानाही संग्रामदुर्गाचा बुरूज उडाला, तो यामुळेच. त्यामुळे अशा आगीवर गोधडी टाकून ती गुदमरत नाही, आणि पळायलाही वेळ मिळत नाही. जेथे असे मिश्रण हाताळले जाते तेथे माल थोडा ठेवायचा, माणसे थोडी ठेवायची, दारे बाहेर उघडणारी हवीत, वस्तीपासून जागा लांब हवी, आणि सरकारी परवाना हवा. तळवड्याच्या त्या शेडला आवश्यक परवानग्या नव्हत्या. 'मेणबत्ती' या निरुपद्रवी नावाखाली बारूद ठेवलेली होती.

दोन जळाऊ पदार्थ शेजारी ठेवले तर काय होते, त्याचे मोठे उदाहरण मुंबईचे आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज उभे होते. ते कराचीहून कापसाच्या गाठी घेऊन आले होते, आणि त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके व दारूगोळाही होता. दुपारी कापसातून धूर निघू लागला. गाठींच्या आत आग धुमसत होती. बंबवाल्यांनी तासन्‌तास पाणी मारले, पण गाठीच्या गाभ्यापर्यंत पाणी पोहोचेना. चार वाजून गेल्यावर जहाज फुटले, अर्ध्या तासात पुन्हा फुटले. शेकडो लोक मेले. त्यांत ६६ जवान अग्निशमन दलाचे होते. स्फोटके भरली आहेत हे कळल्यावरही ते जहाजावरून हटले नव्हते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. कापूस काही बारूद नव्हे. पण बारुदीजवळ ठेवला की तोच तिची वात होतो.

आता रस्त्यावर या. महामार्गावर टँकर उभा असेल तर त्याच्या मागे आणि बाजूला एक पाटी दिसेल. तिच्यावर चार आकडी क्रमांक असतो. १२०३ असेल तर आत पेट्रोल आहे. १२०२ म्हणजे डिझेल. १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. हे क्रमांक साऱ्या जगात एकच आहेत. मराठी, उर्दू, चिनी काहीही वाचता न येणाऱ्या बंबवाल्यालाही ते कळतात. पाटीवर चौकोन कोपऱ्यावर उभा करून त्यात ज्वाळेचे चित्र काढलेले असते. रसायनांच्या डब्यांवरही लाल कडेच्या चौकोनात तशीच ज्वाळा असते. शाळेतून घरी जाताना असे टँकर मोजून पाहा. मात्र टँकर उलटला असेल, तर क्रमांक वाचायला जवळ जाऊ नका. लांबूनच वाचता आला तर वाचा आणि १०१ किंवा ११२ ला कळवा. पेट्रोल सांडले की बादल्या घेऊन धावणारी माणसे तुम्ही बातम्यांत पाहिली असतील. त्या बादलीतली वाफ त्यांच्या पायाशीच असते.

घरीही एक वर्कशॉप असते, त्याला आपण स्वयंपाकघर म्हणतो. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंधी मिसळतात. हा गॅसही हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो ओट्याखाली आणि जमिनीलगत साचतो. रात्री अम्मीला वास आला आणि तिने तुम्हाला उठवले, तर अंधारात तुमचा हात आपोआप भिंतीवरच्या बटणाकडे जाईल. तो मागे घ्या. पंखाही लावू नका, चालू असलेला बंदही करू नका. चाचपडत जाऊन रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर न्या आणि फोन अंगणात गेल्यावर लावा.